उतारवय आणि गुडघे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नाही. पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून गुडघेदुखी मिळविली, एवढाच या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयपरत्वे ते विरळ होते, कडेचे हाड वाढते व सांधा दुखू लागतो. हा झिजेचा संधिवात होय. सकाळी सांधे तास-दोन तास आखडून राहतात, सुजून गरम लागतात, तो आमवात निराळा. त्याची औषधे निराळी, आणि त्यात विलंब घातक. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

"गुडघे झिजले, आता हालचाल नको," ही घरोघरची समजूत मात्र नेमकी उलटी आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील रसावर तिचे पोषण होते, आणि तो रस हालचालीनेच खेळतो. बसून राहिल्यास मांडीचे स्नायू दुर्बळ होऊन सारा भार सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. इतके सोपे आहे, म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही! स्थूल माणसाचे वजन १ किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

वेदनेवर प्रथम वरून लावण्याचे वेदनाशामक मलम वापरावे. पोटात घेण्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेत राहिल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. अनामिक पुडीने एका रात्रीत आराम पडला, तर तीत स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी. सर्व उपाय थकल्यावर शस्त्रक्रिया आहेच. कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या; तेव्हा बिलात त्याची किंमत स्वतंत्र मागावी.

आता एक गाऱ्हाणे. आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांना कठडा नाही, आणि पंगत अद्याप जमिनीवरच बसते. मांडी घालता येत नाही म्हणून कित्येक वृद्ध भगिनी संमेलनास येईनाशा झाल्या आहेत. विचारले असता "यंदा जमले नाही" एवढेच सांगतात. कार्यकारी मंडळाने पुढील संमेलनापूर्वी निदान दोन पंक्ती मेज-खुर्च्यांच्या कराव्यात व पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवावा. त्या खर्चापैकी पहिले २,००० रुपये आम्ही आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत.