कपाळावर चांदीचा ठिपका

श्रोतेहो, कोकणात ओढ्याच्या काठी, विहिरीत, भातखाचराच्या पाटात कपाळावर चांदीसारखा ठिपका असलेला बोटभर मासा तुम्ही पाहिला असेल. हा आपला किलीमासा, शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा, त्यावरून हे नाव पडले. वाढला तर ४ इंच. तोंड वरच्या अंगाला, म्हणून पाण्यावर आलेल्या डासांच्या अळ्या तो चटकन टिपतो.

पाळायला एक नर, दोन माद्या पुरेत. ओढा उपसू नये. पाण्यावर थोडी पाणवनस्पती सोडावी. आणि झाकण हवंच बरं का! माझी पहिली जोडी रात्रीत उडी मारून गेली. सकाळी मुलांना ती फरशीवर सापडली. तेव्हापासून मी जाळी बांधतो.

मादी वनस्पतीला अंडी चिकटवते. ती लगेच वेगळ्या बरणीत ठेवावीत, कारण पिलं आईबापच गट्ट करतात. सुमारे दोन आठवड्यांत पिलं निघतात.

गुरुजी, वर्गात एक बरणी ठेवाच. मात्र बाजारातले गप्पी ओढ्यात सोडू नका. परका मासा पाण्यात रुजला, की घरच्याला जागा उरत नाही. आणि तो एकदा पसरला, की परत वेचून काढता येत नाही.