जुना दस्ता, नवं लाकूड



थ्री-नॉट-थ्री रायफल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, पोलीस ठाण्यात नाहीतर होमगार्डच्या कवायतीत. ही ली-एनफिल्ड. तिचं 1907 साली आलेलं रूप इंग्लंडात, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोला आणि आपल्याकडे बंगालात ईशापूरला वर्षानुवर्षं बनत राहिलं. मी बोलणार आहे ते फक्त तिच्या लाकडाबद्दल. आपल्याकडे सामान्य माणसाला ही रायफल बाळगता येत नाही; जुन्या रायफली हौसेनं दुरुस्त करणारे संग्राहक आहेत ते इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात.

या रायफलीचं लाकूड अखंड नसतं. खांद्याला टेकणारा दस्ता वेगळा, नळीखालचं लांब लाकूड वेगळं आणि नळीवरची झाकणं आणखी वेगळी. बार उडाला की धक्का बसतो तो नळीखालच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, आणि तिथेच ते फुटतं. मग नवं अक्रोडाचं लाकूड आणून बसवायचं. खरी पंचाईत इथून सुरू होते. दस्ता जुना, तांबूस-काळपट. त्याला खेटून आलेला नवा तुकडा मात्र फिका, मातकट.

पहिली सुरसुरी येते ती पॉलिश पेपरची. दोन्ही घासू, एकच रंग मारू, झालं! हे मुळीच करू नये. जुन्या दस्त्यावर कारखान्याचे, तपासनिसांचे छाप असतात, ते घासले की गेले. कडा बोथट होतात, लाकूड लोखंडाच्या पातळीखाली उतरतं आणि मग ते परत वर आणायला काही इलाज नाही. जुन्याचा फक्त मळ काढायचा, टर्पेंटाइन आणि जाडंभरडं फडकं घेऊन. फारच तेल प्यायलं असेल तर खडूच्या पुडीचा लेप द्यावा आणि ऊब लावावी. पूड तेल शोषून पिवळी पडते. पोचा आला असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवावी. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेच असतील तर मात्र वाफेचा उपयोग नाही.

आता नवं लाकूड. ते ओलं केलं की वाळताना त्यावर बारीक लव उभी राहते. ती घासून काढायची, पुन्हा ओलं करायचं, लव उठेनाशी होईपर्यंत. रंगाची पाळी त्यानंतर. इंग्लंडचे बंदूक कारागीर जवसाच्या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजत घालत. काश्मिरी रोगन जोशला लाली देणारी रतनजोत तिच्याच कुळातली. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात मात्र गडद लाल उतरतो. अक्रोडाच्या तपकिरीवर हे लाल तेल चढलं की जुन्या दस्त्याची ती तांबूस झाक येऊ लागते. लाकूड फारच फिकं असेल तर तेलाच्या आधीच पोटॅशियम परमँगनेटचं, आपल्या विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचं, अगदी पातळ पाणी फिरवतात. जांभळा रंग बघता बघता तपकिरी होतो. ते पूर्ण वाळल्याशिवाय तेल लावायचं नाही. आणि हे सगळे प्रयोग करायचे कुठे? नळी बसते त्या खाचेत, आतून. तिथे कोणाची नजर जात नाही.

रंग जुळला तरी नवं लाकूड नवंच दिसतं, कारण जुन्याची छिद्रं तेलानं आणि मळानं गच्च भरलेली असतात, नव्याची उघडी. म्हणून ओल्या तेलातच बारीक पेपरनं घासतात. निघालेला भुसा तेलात कालवला जाऊन छिद्रांत बसतो. पारख दिवसाच्या उजेडात, खिडकीशी करावी. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग उन्हात फटकून वागतात. नवा तुकडा किंचित फिका असतानाच हात थांबवावा, कारण जवसाचं तेल पुढे आपणहून गडद होत जातं.

माझं विचाराल तर या रायफलीवर हुबेहूब जुळणीचा हट्ट नको. दुसऱ्या महायुद्धात अक्रोड पुरेना म्हणून इंग्लंडात बीच आणि बर्च वापरलं; लिथगोला तर क्वीन्सलँड मेपलही वापरत. दुरुस्तीच्या कारखान्यांत हाती लागेल तो तुकडा बसे. दोन रंगांची रायफल ही खरीखुरी सैन्यातली रायफल असू शकते. लंडनच्या जुन्या दुनळी बंदुकांची गोष्ट वेगळी. उंच माणसासाठी तिथे दस्त्याच्या टोकाला इंचभर अक्रोड जोडतात आणि लाकडावरच्या रेषा बारीक कुंचल्यानं सांध्यावरून पुढे ओढतात. तिथे सांधा दिसला तर कारागिराचं नाक कापलं जातं.

एक गोष्ट राहिली. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर काडी न लावता पेटतात. ती बाहेर, एकेक पसरून वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.