पापणीचें कलम

पुण्याकडील एका गाडीवानाचें कापलेलें नाक कपाळाच्या कातड्यानें घडविल्याचा वृत्तान्त १७९४ सालीं लंडनच्या मासिकांत छापला गेला. तें कातडें देठानें कपाळाशीं जोडलेलें राहिलें, म्हणून जगलें. आज चिखलीच्या एखाद्या कारखान्यांत आम्लानें कामगाराची पापणी भाजली, तर तीवर लावावयाच्या सुट्या कलमाला असा देठ नसतो. खालून मिळणाऱ्या रक्तावरच तें जगतें. म्हणून कलमाखालीं रक्त सांचूं नये, पू होऊं नये, कलम हलूं नये. रोग्यानें धूम्रपान वर्ज्य करावें. पातळ कलम लवकर धरतें, पण अधिक आकसतें. पापणी ओढली गेली, कीं डोळा उघडा राहतो, बुबुळ कोरडें पडतें आणि दृष्टि धोक्यांत येते. यास्तव शक्य तेथें कानामागची अथवा दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीची पूर्ण जाडीची त्वचा घेतात. कलमाच्या यशाची कसोटी केवळ रूप नव्हे. निजतांना डोळा पूर्ण मिटला पाहिजे.