देवमाशांच्या दारीं

देवमासा हा शब्द कानीं पडतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक अजस्र व भयंकर प्राणी उभा राहतो. गोष्टींच्या पुस्तकांतील चित्रांत तर तो शेपटीच्या एका तडाख्यासरशीं गलबत उलथून टाकतांना दाखविलेला असतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशी एक खाडी आहे कीं, तेथें दर हिवाळ्यांत हे प्राणी आपण होऊन लहानशा होडीजवळ येतात, होडीच्या कडेशीं डोकें आणतात, आणि आंतील माणसांनीं पुढें केलेल्या हातांखालीं क्षणभर स्थिर राहतात. ही खाडी मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बाहा कॅलिफोर्निया नांवाच्या लांबट द्वीपकल्पांत आहे. तिचें नांव सान इग्नासिओ. याच किनाऱ्यावर एके काळीं याच प्राण्यांच्या रक्तानें पाणी लाल होत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या भेटीचें मोल कळूं लागतें.

सान इग्नासिओ हें मूळचें एका गांवाचें नांव. रखरखीत वाळवंटांत गोड्या पाण्याचा झरा आणि त्याच्या भोंवतीं खजुरीचें दाट बन, असें हें गांव आहे. अठराव्या शतकांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं उभारलेलें दगडी प्रार्थनामंदिर तेथें अद्यापि उभें आहे. गांवापासून सुमारें ६० किलोमीटर गेलें म्हणजे मिठागरासारखी पांढरट, सपाट जमीन लागते आणि तिच्या पलीकडे खाडीचें पाणी चमकूं लागतें. कांठावर मोठें बंदर नाहीं कीं धक्का नाहीं. कोळ्यांचीं विरळ घरें, प्रवाशांकरितां उभारलेल्या साध्या झोंपड्या व तंबू, आणि वाळूलगत नांगरलेल्या होड्या, एवढाच काय तो संसार. या होड्यांस तिकडे पांगा म्हणतात. मागें एक इंजिन बसविलेली, आठ-दहा माणसें बसतील एवढी ही कोळ्यांची होडी आहे.

येथें येणाऱ्या देवमाशास करडा देवमासा असें म्हणतात. नांवांत मासा असला तरी हा मासा नव्हे. त्याचें रक्त उष्ण असतें, तो फुप्फुसांनीं हवा घेतो, आणि मादी पिलास दूध पाजते. पूर्ण वाढलेला प्राणी ४० ते ४५ फूट लांब आणि सुमारें ३० टन किंवा त्याहून अधिक वजनाचा असतो. म्हणजे ज्या होडींतून माणसें त्यास पाहावयास जातात, तिच्याहून त्याची लांबी जवळजवळ दुप्पट भरते. त्याच्या करड्या कातडीवर पांढरट ठिपके दिसतात. ते जवळून पाहिले म्हणजे कळतें कीं, त्याच्या अंगास चिकटून राहिलेले ते कवचधारी बारीक जीव आहेत. तोंडांत दांत नसतात; वरच्या जबड्यास कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्या लोंबत असतात. उत्तरेच्या थंड समुद्रांत तो तळाशीं जाऊन एका कुशीवर वळतो, चिखल तोंडांत ओढतो, पाणी व गाळ त्या पट्ट्यांतून बाहेर टाकतो, आणि आंत अडकलेल्या बारीक जीवांवर आपला प्रचंड देह पोसतो.

हें अन्न त्यास उन्हाळ्यांत, अलास्का आणि सैबेरिया यांच्या मधल्या उथळ समुद्रांत मिळतें. शरद ऋतु सरतां सरतां तेथें बर्फ धरूं लागलें म्हणजे हे प्राणी दक्षिणेची वाट धरतात, आणि उत्तर अमेरिकेचा सबंध पश्चिम किनारा उतरून बाहाच्या खाड्यांत येऊन पोंचतात. जाऊन-येऊन हा प्रवास १५,००० ते २०,००० किलोमीटरांचा होतो. वाटेंत आणि खाडींत त्यांस अन्न फारसें मिळत नाहीं. अंगावरील चरबीवर सारा हिवाळा काढावा लागतो. इतकें सोसून येण्याचें कारण संतति हें होय. खाडींतील पाणी उत्तरेच्या मानानें कोमट, शांत व उथळ असतें. तेथें कित्येक माद्या प्रसूत होतात. जन्मतः पिलूं सुमारें १५ फूट लांब असतें, पण त्याच्या अंगावर चरबीचा पुरेसा थर नसतो. आईच्या दुधांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. त्या दुधावर पिलूं झपाट्यानें भरतें, भरती-ओहोटीच्या ओढीविरुद्ध पोहून अंगांत बळ आणतें, आणि वसंतांत आईबरोबर उत्तरेच्या लांब वाटेस लागतें. त्या वाटेवर ओर्का नांवाचे शिकारी प्राणी पिलांवर टपून असतात. सारांश, ही खाडी म्हणजे या जातीचें माहेर आहे. बाळंतपणासाठीं यावें, लेंकरूं सशक्त करावें, आणि मग परत फिरावें.

या माहेरावर पहिला घाला पडला तो एकोणिसाव्या शतकांत. चार्लस मेलव्हिल स्कॅमन नांवाचा अमेरिकन कप्तान १८५७ सालीं याच द्वीपकल्पांतील ओहो दे लिएब्रे नांवाच्या दुसऱ्या खाडीवर आपलीं जहाजें घेऊन आला. त्या काळीं देवमाशाच्या चरबीचें तेल दिव्यांस व यंत्रांच्या वंगणास लागे, आणि त्यास भाव चांगला येई. मोकळ्या समुद्रांत महिनेच्या महिने भटकून जें मिळावयाचें, तें येथें एका बंदिस्त पाण्यांत दाटीनें उभें होतें. बातमी फुटली आणि पुढच्या हंगामांत जहाजांची रीघ लागली. सान इग्नासिओची खाडीही त्यांतून सुटली नाहीं. पिलूं जवळ असलेली आई पळून जात नाहीं, हें शिकाऱ्यांनीं लवकरच ओळखलें. ती उलट फिरे, शेपटीनें होड्या फोडी, माणसांस पाण्यांत फेकी. म्हणून शिकाऱ्यांनीं या जातीस सैतान मासा असें नांव दिलें. लेंकरासाठीं लढणाऱ्या आईस सैतान ठरविणारा हा न्याय अजब खरा! पुढें १८७४ सालीं याच स्कॅमननें उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्री सस्तन प्राण्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. करडा देवमासा लवकरच नामशेष तर होणार नाहीं ना, अशी शंका त्यानें त्यांत स्वतःच नमूद करून ठेविली आहे.

ती शंका पोकळ नव्हती. अटलांटिक महासागरांतील करडे देवमासे त्यापूर्वींच नाहींसे झाले होते. पॅसिफिकमध्यें मात्र संख्या इतकी घटली कीं, खाड्यांतील शिकार परवडेनाशी झाली, आणि मागाहून कायदा आला. १९३७ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें या जातीच्या शिकारीस मनाई केली. १९४६ सालीं देवमाशांच्या शिकारीचें नियमन करणारा अधिक व्यापक करार झाला. मेक्सिको सरकारनें १९७९ सालीं सान इग्नासिओची खाडी संरक्षित म्हणून जाहीर केली. १९९३ सालीं ओहो दे लिएब्रे व सान इग्नासिओ या दोन्ही खाड्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आल्या. या प्राण्यांची संख्या हळूहळू इतकी सावरली कीं, १९९४ सालीं अमेरिकेनें पूर्व पॅसिफिकांतील करड्या देवमाशांस आपल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून वगळलें.

परंतु कायद्यानें शस्त्र खालीं येतें, भय जात नाहीं. सान इग्नासिओचे कोळी या प्राण्यास भीत असत व त्याच्यापासून होडी दूर ठेवीत. १९७२ सालीं फ्रान्सिस्को मायोराल नांवाचा कोळी, ज्यास लोक पाचिको म्हणत, एका सोबत्यासह मासेमारी करीत असतां एक देवमासा त्याच्या होडीशीं येऊन भिडला. तो एका बाजूस वर येई, बुडी मारी, आणि दुसऱ्या बाजूस निघे. होडी पळवावी तर वाट नाहीं. अखेर पाचिकोनें भीत भीत हात पुढें केला आणि त्याच्या अंगास लावला. देवमाशानें कांहींच अपाय केला नाहीं. पाचिको २०१३ सालीं वारला; पण तोंपर्यंत त्याच्या त्या एका स्पर्शानें गांवाचा धंदा आणि गांवाची दृष्टि हीं दोन्हीं पालटलीं होतीं.

आजची सफर साधीच असते. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिचा हंगाम. आठ-दहा प्रवासी तरंगते जाकीट अंगांत घालून होडींत बसतात. सुकाणूवर बहुधा तेथलाच कोळी असतो. पाहणीच्या भागांत एका वेळीं १६ हून अधिक होड्या असूं नयेत, आणि एका होडीनें तेथें दीड तासाहून अधिक काळ थांबूं नये, असा नियम आहे. खाडीचा अगदीं आंतला भाग नवप्रसूत माद्यांकरितां राखून ठेविलेला असल्यामुळें प्रवासी होड्यांस बंद असतो. वाटेंत पुष्कळदां डॉल्फिनांचा कळप भेटतो. ते चपळ प्राणी होडीच्या नाळेपुढें धांवतात, उसळतात, आणि कंटाळा आला म्हणजे क्षणांत दिसेनासे होतात.

पाहणीच्या भागांत शिरतांच नावाडी वेग उतरवितो, इंजिन नुसतें घुरघुरत ठेवतो, आणि होडी पाण्यावर सोडून देतो. येथून पुढें माणसाचें काम संपलें. दूर कोठें तरी जोराचा निःश्वास ऐकूं येतो आणि बाष्पाचा फवारा उडतो. समोरून पाहिला तर त्याचा आकार पत्त्यांतील बदामासारखा दिसतो. एखादा देवमासा डोकें सरळ पाण्याबाहेर काढून उभा राहतो. कधीं कधीं ठरलेला वेळ संपून जातो, पण एकही प्राणी जवळ येत नाहीं, आणि होडी तशीच परत फिरते. कारण भेट द्यावयाची कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार देवमाशाचा.

आणि तो आलाच, तर प्रथम पाण्याखालीं एक फिकट छाया दिसते. ती होडीखालून सरकूं लागली म्हणजे होडींतील बोलणें आपोआप थांबतें. मग पिलाचें खडबडीत न झालेलें, गुळगुळीत डोकें कडेशीं वर येतें. आई कित्येकदां त्यास खालून आपल्या अंगानें उचलून होडीकडे लोटते. ज्यांनीं त्या कातडीस हात लाविला आहे ते सांगतात कीं, ती उकडून सोललेल्या अंड्यासारखी मऊ व गार लागते. इतक्या मोठ्या देहाची माता हातभर अंतरावर असते. तिनें मनांत आणलें तर होडीचें काय होईल हें सर्वांस ठाऊक असतें. तरीही भीतीचा लवलेश उरत नाहीं. वयस्क, गंभीर माणसें लहान मुलांप्रमाणें पाणी उडवूं लागतात, गाऊं लागतात.

हे प्राणी कां येतात? शास्त्रज्ञांत याविषयीं एकमत नाहीं. कोणी म्हणतात, इंजिनाच्या मंद घुरघुरीचें त्यांस कुतूहल वाटतें. कोणी म्हणतात, अंग घासून घेण्याचें सुख मिळतें. कोणास तो पिलांचा खेळ वाटतो. देवमाशांनीं मनुष्यास क्षमा केली, असेंही भावुक लोक म्हणतात. परंतु क्षमा हा मनुष्याच्या मनांतील शब्द आहे, आणि देवमाशाचें मन वाचण्याचें साधन मनुष्याजवळ नाहीं. खात्रीनें एवढेंच म्हणतां येईल कीं, पाठलाग थांबला, आणि मगच ही भेट सुरू झाली.

ही भेट टिकविण्यासाठींही झगडावें लागलें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या खाडीच्या कांठीं मिठाचा प्रचंड कारखाना काढण्याची योजना निघाली होती. देशोदेशींच्या लोकांनीं तिला विरोध केला, आणि मार्च २००० मध्यें मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्टो सेदियो यांनीं ती योजना सोडून दिल्याचें जाहीर केलें. तथापि सारें संकट टळलें असें नाहीं. अमेरिकन सरकारच्या गणनेप्रमाणें २०१६ सालीं सुमारें २७,००० असलेले हे देवमासे २०२३ सालीं सुमारें १४,५०० वर आले. २०२५ सालच्या गणनेंत ते सुमारें १३,००० च भरले. २०१९ पासून २०२३ पर्यंत किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांपैकीं पुष्कळ अगदीं रोडावलेले होते. उत्तरेचा समुद्र पालटत चालल्यामुळें तेथील अन्न कमी पडतें, हें याचें प्रमुख कारण अभ्यासक मानतात. माहेरचें दार उघडें असलें, तरी सासरीं चूलच पेटत नसेल, तर लेकीनें जगावें कसें?

हें सर्व दूर देशींचें वर्णन झालें. पण त्यांतील धडा कोकणच्या समुद्रासही लागू पडतो. दापोली, मालवण, तारकर्ली, आणि पुढें गोव्याच्या किनाऱ्यावर, सुटीच्या दिवसांत अनेक कुटुंबें डॉल्फिन पाहण्याकरितां होडींत बसतात. तेथें किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत राहणारा, पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें संरक्षित आहे. तो करड्या देवमाशासारखा होडीशीं लगट करणारा नव्हे. तो लाजरा आहे. श्वासासाठीं वर येणें त्यास भाग असतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं चारी बाजूंनीं होड्या त्याच्यावर धांवून गेल्या, तर त्याचें खाणें, विसावणें, पिलूं सांभाळणें, सारेंच विसकटतें. दोष केवळ नावाड्याचा नसतो. आणखी जवळ घ्या, असा आग्रह प्रवासीच धरतात, आणि पोट भरणाऱ्या माणसास तो मोडवत नाहीं.

म्हणून होडींत बसणाऱ्या गृहस्थानें, आणि विशेषतः मुलांस बरोबर नेणाऱ्या आईबापांनीं, निघण्यापूर्वींच नावाड्यास सांगून ठेवावें: काका, डॉल्फिन दिसले कीं इंजिन मंद करा, आणि थांबा, मागें लागूं नका. दुरून एक काळसर पाठ दिसली तरी तेवढ्यानें समाधान मानावें. कांहींच न दिसलें, तर मुलांस हेंही समजावून सांगावें कीं, समुद्र हें त्यांचें घर आहे. दारीं आलेल्या पाहुण्यास भेटावें कीं नाहीं, हें घरधन्यानें ठरवावयाचें असतें.