दिव्याचे सूत्र कोणाच्या हाती?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही विषय निराळा घेतला आहे. हाताने विणलेल्या बांबूच्या वस्तूत आपोआप उजळणारे, माणसाची चाहूल घेणारे दिवे बसवता येतात, त्यासंबंधी आम्ही बोलणार आहोत. परंतु मजुरीचा प्रश्न येथेही दडलेला आहे, आणि तो बाहेर काढल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही.

आपले चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळे झालेले गडचिरोली हे बांबूचे मुलूख. येथला बुरुड पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपली, धान्याची ढोली विणत आला. पुढे पत्र्याची कोठी आली, प्लास्टिकची टोपली आली आणि त्याचे गिऱ्हाईक तुटले. आता बांबूला मागणी येते ती शोभेच्या वस्तूंची, आणि त्यांत दिवा पहिला. जुना तारेचा बल्ब असा तापे की विणीजवळ ठेवण्याची सोय नव्हती. एलईडी त्या मानाने थंड; म्हणून तो विणीच्या पोटात बसतो.

या दिव्यांचे डोके कसे चालते? एका लांब पट्टीवर दाण्यांसारखे दिवे ओवलेले असतात. टोकाला नखाएवढी चकती असते. तिच्यात आपण हुकूम लिहून ठेवायचे. पंगतीत पहिल्याने आपले पान वाढून घ्यावे आणि भांडे पुढे सरकवावे, तसा पहिला दिवा आपल्या वाटचा हुकूम घेतो व उरलेले पुढच्याकडे धाडतो. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणातून हवा तो रंग निघतो. उजेड ओळखणारा एक लहानसा तुकडा जोडला की अंधार पडताच दिवा लागतो. शरीराची ऊब ओळखणारा जोडला की माणूस समोरून गेल्यावर लागतो. मात्र हिशेब चुकवून चालत नाही. पूर्ण पांढऱ्या उजेडात असा एक दिवा ५ व्होल्टवर सुमारे ६० मिलिअँपिअर वीज ओढतो. ३० दिव्यांना जवळजवळ २ अँपिअर लागतात. मोबाइलचा लहान चार्जर तेथे पुरा पडत नाही. शिवाय बांबू हा जळाऊ पदार्थ. कच्चा जोड म्हणजे आगीला आमंत्रण.

“हे आमच्या बुरुडाला कसे जमावे?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही उलट विचारतो, विणकाम म्हणजे तरी काय? दोन वर, एक खाली; पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा दोन वर, एक खाली. हा हुकूमच आहे, फक्त तो कागदावर नसून बोटांत आहे. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४ च्या सुमारास मागाची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरवली. पुढे गणकयंत्रांनी तीच युक्ती उचलली. तेव्हा यंत्राने विणकराकडून घेतलेले शहाणपण विणकराला परत देण्यात अवघड असे काय आहे?

आणि अनुभवही तसाच आहे. इटलीत २००५ साली ‘आर्डुइनो’ नावाची चकती निघाली. तिचे आराखडे सर्वांना खुले ठेवले गेले. २००७ साली अमेरिकेत लीआ ब्यूक्ली या बाईंनी त्याच जातीची, कापडावर शिवता येईल अशी चकती आणली. साध्या चकतीवर काम करणाऱ्यांत स्त्रिया अगदी थोड्या होत्या. शिवायच्या चकतीवर त्या बहुसंख्य झाल्या. ओळखीची सुई हाती दिली, की विजेची भीती गेली! आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या त्या संस्थेत, २००२ पासून खेड्यातली मुले अशा यंत्रांवर हात चालवीत आली आहेत. मग बुरुडाच्या मुलीने का चालवू नये? चिचपल्लीला २०१४ साली बांबूचे प्रशिक्षण केंद्र निघाले. वीण आणि वीज एकाच बाकावर शिकवण्याची जागा असावी तर अशीच.

आता मजुरीचा प्रश्न. समजा, शहरातल्या दुकानात असा दिवा २,००० रुपयांना विकला गेला आणि विणणाराला सांगाड्याचे २०० मिळाले. उरलेले कुठे गेले? काही सुट्या भागांना, काही भाड्याला, आणि फार मोठा वाटा, ज्याने हुकूम लिहिला त्याला. दिवा बिघडला तर विणणाराला तो उघडता येत नाही. गिऱ्हाईक त्याला ओळखत नाही. नगावर राबणारा मजूर काल टोपलीचा होता, आज दिव्याचा झाला. एवढाच बदल होणार असेल तर त्याला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

मालावरच्या हक्काची लढाई या मुलुखाने पाहिली आहे. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाड ठरवले. गवत असलेला बांबू त्या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडावे लागले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले २७ एप्रिल २०११ रोजी. हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला, असे नव्हे. पुस्तक ज्याच्या हाती, बांबू त्याचा. दिव्याचेही तसेच आहे. हुकूम ज्याच्या हाती, दिवा त्याचा.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. विणणाराला हुकूम लिहायला आणि जोड दुरुस्त करायला शिकवा. चकती खुल्या आराखड्याची वापरा, म्हणजे कोणा एका कंपनीच्या दाराशी उभे राहावे लागणार नाही. आणि विणणारे, जोडणारे, हुकूम लिहिणारे एकाच सहकारी संस्थेचे सभासद करा; हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी ठेवा.

आपण शहरातले लोक दिवाळीला आकाशकंदील विकत घेता. यंदा बांबूचा घ्या, आणि घेताना दुकानदाराला एवढेच विचारा की हा बिघडला तर विणणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल काय? हा प्रश्न शंभर गिऱ्हाइकांनी विचारला, तर आमच्या दहा मोर्च्यांचे काम होईल.