एका जुवाचे घर



वैमानिक ज्या दांड्याने विमान वळवतो त्याला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ तेच आहे. भाषाशास्त्रज्ञ तर या दोन्ही शब्दांचे मूळ एकच मानतात. आजचा विषय मात्र विमानातल्या जुवाचा नाही. नाणे टाकून खेळायच्या जुन्या यंत्रांवर बसवलेले जू, आणि त्याला स्वतः बांधून द्यायचे घर, म्हणजे साधी पेटी, एवढाच तो आहे.

या खेळण्याचा जन्म खेळासाठी झाला नाही. अमेरिकेतील अटारी कंपनीने 1980 मध्ये ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ आणला. तो खेळ बदलून सैन्याच्या ब्रॅडली या चिलखती गाडीवरील तोपचींच्या सरावासाठी द्यावा, असे काम कंपनीकडे आले. खेळाचे रचनाकार एड रॉटबर्ग यांना करमणुकीची विद्या युद्धशिक्षणाला जुंपणे मान्य नव्हते. त्यांनी ते काम पूर्ण केले, परंतु पुन्हा असे काम आपल्या वाट्याला येणार नाही, असे वचन घेऊनच. सरावाची ती यंत्रे मोजक्या नमुन्यांपलीकडे गेली नाहीत. त्यांच्यासाठी घडवलेली, दोन्ही हातांनी धरायची मूठ तेवढी टिकली. 1983 च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात ती बसली आणि मुले तिच्या आधारे अंतराळयान चालवू लागली.

अशी मूठ आज एखाद्या हौशी माणसाच्या हाती येते ती सुटी. आत दोन विरोधक असतात, रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली असतात तसे. एक डाव्या-उजव्या हालचालीसाठी, दुसरा वर-खालीसाठी. मूठ मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगा असतात, बोटांखाली कळा असतात. विरोधकातून येणारा विजेचा दाब एका छोट्या मंडलाने मोजून संगणकाला अंकांत सांगता येतो. दहा बिटांचे मापन असेल तर 0 ते 1023. हा भाग आता अवघड राहिलेला नाही. तयार मंडले बाजारात मिळतात. अवघड आहे ती पेटी.

मूळ यंत्रात हे जू पुरुषभर उंचीच्या जड कपाटावर घट्ट बसवलेले असे. खेळणाऱ्याने कितीही हिसका दिला तरी कपाट हलत नसे. जू टेबलावर आले की ते वजन नाहीसे होते. इथे शाळेतल्या तरफेचा पाठ उपयोगी पडतो. मूठ टेबलापासून 25 सेंटिमीटर उंचीवर असेल आणि ती 5 किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने मागे ओढली, तर पेटीची मागची कडा हा टेकू होतो आणि उलटवणारा गुणाकार येतो 125. पेटीची खोली 30 सेंटिमीटर असेल, तर तिचे वजन टेकूपासून 15 सेंटिमीटरवर आहे असे धरता येते. 125 भागिले 15, म्हणजे सव्वाआठ किलोंहून थोडे अधिक. त्याहून हलकी पेटी उलटणारच. मग एकतर तळाशी लोखंडी पट्ट्या भराव्या लागतात, नाहीतर टेबलाच्या कडेला शिकंजा लावावा लागतो.

पत्र्याची पेटी करायची ठरली की वाट पीण्याला जाते. बंगळूरच्या वायव्येला, पुण्याहून कोल्हापूर-बेळगावमार्गे येणारा महामार्ग शहरात शिरतो तिथेच ही औद्योगिक वसाहत पसरली आहे. 2014 पासून तिच्या नावाचे मेट्रो स्थानकही आहे. शेजारच्या जालहळ्ळीत एचएमटीचा कारखाना उभा राहिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला 1940 मध्ये विमानांचा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. अशा मोठ्या कारखान्यांभोवती वाढलेल्या या शहरात पीण्याने लहान कामांची बाजू सांभाळली. एका गाळ्यात पत्रा कापतात, दुसऱ्यात वाकवतात, तिसऱ्यात पावडरचा रंग भट्टीत भाजतात. एकच नग घेऊन येणारा माणूस मात्र कुणालाच फारसा नको असतो. यंत्र मांडायला लागणारा वेळ एका नगाला तेवढाच आणि शंभरांना तेवढाच. म्हणून त्याची चिठ्ठी बाजूला राहते. त्यात गाळेवाल्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल.

ती चिठ्ठी बाजूला राहू नये, हे बरेचसे आराखड्यावर अवलंबून असते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचे परप्रांतीच्या कारखान्यात कसे निभावणार, ही पालकांची काळजी जुनी आहे आणि अनाठायी नाही. पीण्यात कन्नड आल्यावाचून माणूस पाहुणाच राहतो. तरीही कागदावरचे चित्र आधी वाचले जाते आणि ते चुकले तर कुठलीच भाषा मदतीला येत नाही. उदाहरण याच जुवाचे. त्याची मूळ रेखाचित्रे अमेरिकन पद्धतीची. तिथे उजव्या बाजूचे दृश्य उजवीकडे काढतात. आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या प्रथम कोन पद्धतीत तेच डावीकडे येते. कोपऱ्यात शंकुछेदाचे लहानसे चिन्ह असते, ते पद्धत सांगते. ते न पाहता काम केले, तर सगळी मापे बरोबर असूनही भोके आरशात पाहिल्यासारखी उलट्या बाजूला पडतात. शिवाय मापे इंचांत. पाव इंची बोल्ट म्हणजे 6.35 मिलिमीटर, सहा मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या नटात जातो, पण आटे जुळत नाहीत आणि तो खुळखुळतो.

दुसरी चूक बेरजेची. पुढची बाजू 150, माथा 300, मागची बाजू 150. सरळ बेरीज 600. परंतु दोन मिलिमीटरचा पत्रा काटकोनात वाकवताना बाहेरून ताणला जातो आणि बाहेरची मापे धरल्यास दर वाकणीमागे साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. दोन वाकण्यांचे सात. सपाट पत्रा कापायचा तो 593 चा. सहाशेचा कापला तर पेटी बनते, पण तळाचे झाकण बसत नाही. रंगाचा थरही भोक थोडे लहान करतो, म्हणून पाव इंची बोल्टासाठी सात मिलिमीटरचे भोक ठेवलेले बरे. आतील तारांना ढील हवी. मूठ प्रत्येक वेळी फिरताना त्या वाकतात आणि ताठ बांधलेली तार काही महिन्यांत आतल्या आत तुटते.

पेटी जुळली की कसोटी सोपी असते. मूठ डावीकडे पूर्ण नेऊन सोडायची आणि पडद्यावरचा अंक पाहायचा. मग उजवीकडून तेच. दोन्ही वेळा तो मध्याशी, 512 च्या आसपास, एकाच जागी थांबला पाहिजे. एकदा 500 आणि एकदा 524 आला, तर बहुतेक जण स्प्रिंग बदलायला धावतात. त्याआधी दुसऱ्या माणसाने पेटी दोन्ही हातांनी गच्च धरावी आणि मूठ पुन्हा सोडून पाहावी. फरक नाहीसा झाला तर स्प्रिंग निर्दोष आहे. माथ्याचा पत्रा लवतो आहे, आणि त्याच्या खालून एक आडवी पट्टी जोडून घ्यायला पुन्हा पीण्याला जावे लागणार आहे.