रूळ दिल्लीचे, सातबारा मुंबईचा

शहापूर तालुक्यातल्या आसनगाव स्थानकातील रुळांचा कारभार केंद्राच्या अखत्यारीत, परंतु त्यांलगतच्या भातखाचराचा सातबारा, तलाठ्याचे दप्तर आणि भातसा धरणाचे पाणी राज्याच्या अमलाखाली, अशी जी अधिकारांची घटनादत्त विभागणी, तीच संघराज्यपद्धती होय. उलट एकात्म ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला १९९८ साली पार्लमेंटच्या कायद्याने विधिमंडळ मिळाले, आणि तत्त्वतः तेच पार्लमेंट ते काढूनही घेऊ शकते. आपल्या घटनेची पाचवी अनुसूची मला विशेष मोलाची वाटते, कारण तिच्यान्वये अनुसूचित क्षेत्र ठरलेल्या संपूर्ण शहापूर तालुक्यात व मुरबाडच्या काही गावांत संसदेचा वा विधिमंडळाचा एखादा कायदा लागू होऊ नये, असे राज्यपाल फर्मावू शकतात. पंचायतव्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेलाही हक्क दिले आहेत. तिला अवश्य हजर राहा.